हरणांचा हंगाम: नागपूरहून सहकुटुंब जंगलवारी कशी आखावी

हरणांच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी घातली आहे आणि जंगलात गळून पडलेले शिंगसुद्धा उचलून घरी आणता येत नाही. तरीही जुन्या शिकाऱ्यांची एक गोष्ट आपण जरूर घ्यावी असे मला मनापासून वाटते. ती म्हणजे हंगामाची शिस्त: एकाच रानात पुन्हा पुन्हा जाणे, गप्प बसणे आणि कळपाची रीत कळू लागेपर्यंत धीर धरणे. आमच्या घरातील अकरा माणसे, सत्तरी ओलांडलेल्या आजीपासून सात वर्षांच्या पुतणीपर्यंत, दरवर्षी नोव्हेंबर ते मे या काळात तीन वेळा हरणे पाहायला जातात. त्या अनुभवावरून पुढील सूचना लिहीत आहे.

पहिला निर्णय जंगलाचा. नागपूरकरांना उमरेड-पवनी-कऱ्हांडला, वर्धा जिल्ह्यातील बोर आणि पेंच ही तिन्ही जंगले एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत. परंतु एका हंगामात त्यांपैकी एकच निवडावे, म्हणजे दुसऱ्या खेपेला तुलना करण्यासाठी काहीतरी हाताशी असते. नवख्या कुटुंबाने जबलपूर मार्गाने जाऊन पेंचच्या सिल्लारी प्रवेशद्वारापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. तेथे चितळांचे कळप हमखास दिसतात आणि उन्हाळ्यात तोतलाडोह जलाशयाचे पाणी मागे सरल्यावर उघड्या पडलेल्या काठावर उगवलेले कोवळे गवत चरायला ते बाहेर येतात. आरक्षण ऑनलाइन होते, शनिवार-रविवार लवकर भरतात, आणि ज्या ओळखपत्रावर नोंदणी केली असेल तेच मूळ ओळखपत्र द्वारावर दाखवावे लागते.

तीन फेऱ्यांचे महिने विचारपूर्वक ठरवावेत. नोव्हेंबरच्या अखेरीस गवत उंच असल्याने हरणे कमी दिसतात, पण तो सांबरांच्या माजाचा काळ असल्यामुळे एरवी एकटा राहणारा भारदस्त शिंगांचा नर माद्यांच्या आसपास दिसण्याची शक्यता असते. मार्चमध्ये पानगळ होऊन नजर लांबवर पोहोचते आणि मोहाची फुले गळू लागली की झाडाखाली चितळ जमतात. मे महिन्यात सगळे जंगल पाणवठ्यावर येते. मात्र नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना वृद्धांना आणि लहान मुलांना दुपारच्या फेरीला नेऊ नये, त्यांच्यासाठी पहाटेचीच फेरी घ्यावी. थंडीतल्या पहाटेसाठी उघड्या जिप्सी गाडीत शाल, कानटोपी आणि हातमोजे लागतात. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत आणि अत्तर लावू नये, कारण हरणाचे नाक आपल्या कल्पनेपेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते.

सर्वांत महत्त्वाची तयारी घरीच होते, आणि ती म्हणजे कामांची वाटणी. पहिल्या वर्षी आम्ही ती केली नव्हती. सगळ्यांचे डोळे वाघाकडे लागलेले होते, वाटेत दिसलेल्या पाच-सहा कळपांजवळ आम्ही गाडी थांबवलीही नाही, आणि वाघ न दिसल्याने मुले हिरमुसून परतली. आता प्रत्येक गाडीत एकाने वही सांभाळायची, एकाने शिंगे असलेले नर मोजायचे, एकाने पाडसे मोजायची आणि आजीने केवळ आवाजांकडे लक्ष द्यायचे, असे ठरलेले असते. कळप दिसताच चालकाला गाडी बंद करायला सांगावे, निदान दहा मिनिटे थांबावे आणि मोजणी दोनदा करावी, कारण झुडपाआड बसलेल्या माद्या पहिल्या नजरेत हमखास सुटतात. वहीत वेळ, जागा, संख्या आणि नरांच्या शिंगांची अवस्था लिहावी: शिंगांवर मखमली कातडे आहे, ती टणक आणि स्वच्छ झाली आहेत, की गळून गेली आहेत. चितळ, सांबर आणि भेकर यांची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात. रोही (नीलगाय), चौशिंगा आणि काळवीट यांची गळत नाहीत, कारण ते कुरंग (अँटिलोप) आहेत, खरी हरणे नव्हेत. हा फरक मुलांना पुस्तकापेक्षा जिप्सीत पटकन समजतो.

आवाज ओळखायला शिकणे हा या हंगामाचा गाभा आहे. चितळाची धोक्याची हाक उंच आणि तीक्ष्ण, भेकराची कुत्र्याच्या भुंकण्यासारखी आणि सांबराची खोल, घुमणारी असते. चितळ पुष्कळदा नुसत्या संशयानेही ओरडते, म्हणून जाणकार वाटाडे सांबराच्या सलग हाकेला अधिक वजन देतात. ज्या झाडावर वानरे पाला खात असतील त्याच्याखाली चितळ अवश्य पाहावीत: वरून पडणारी पाने त्यांना आयती मिळतात, आणि उंचावरच्या वानरांची नजर व खालच्या चितळांचे नाक दोघांच्याही उपयोगी पडते. हाक ऐकू आल्यावर ती देणाऱ्या जनावराचे तोंड आणि कान कोणत्या दिशेला वळले आहेत ते पाहावे. सांबर पुढचा पाय आपटत असेल, तर त्याचे लक्ष जेथे खिळले आहे तेथेच काहीतरी आहे.

दोन गाड्या असल्या तरी त्या एकाच जागी कोंडाळे करून उभ्या करू नयेत. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी वाघीण व तिच्या बछड्यांची वाट अडवली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. कळप रस्ता ओलांडत असेल तर शेवटचे पाडस पलीकडे जाईपर्यंत थांबावे. चालकाला पुढे काढण्यासाठी किंवा नियमभंगासाठी जादा पैसे मुळीच देऊ नयेत.

घरी परतल्यावर त्याच रात्री दोन्ही गाड्यांच्या वह्या समोरासमोर ठेवाव्यात. मे महिन्यातील फेरीनंतर तिन्ही नोंदी एका मोठ्या कागदावर मांडाव्यात आणि कोणत्या वळणावर कोणता कळप दिसला ते मुलांनाच नकाशावर भरू द्यावे. पावसाळ्यात गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असते. तोच नकाशा समोर ठेवून नोव्हेंबरच्या फेरीची तारीख ठरवावी.