चौकटी आणि बाण पाठ करून भागत नाही

पहिल्या सत्राच्या तोंडी परीक्षेत मी फळ्यावर स्मृतीची आकृती काढली. संवेदी स्मृती (डोळ्यांना-कानांना जाणवलेलं क्षणभर टिकतं ती), बाण, अल्पकालीन स्मृती, बाण, दीर्घकालीन स्मृती, प्रत्येकीला एक चौकट. खाली ती मांडणाऱ्यांची नावं, ‘अ‍ॅटकिन्सन आणि शिफ्रिन, १९६८’ असंही ठसठशीत लिहिलं. परीक्षक बाईंनी पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “ही आहे कशावरून?” मी व्याख्या म्हणून दाखवली. “व्याख्या नको. कुणाच्या डोक्यात डोकावून पाहिलंत का? मग कळलं कसं?” माझी दातखीळच बसली.

बोधनिक, म्हणजे सगळे ज्याला कॉग्निटिव्ह म्हणतात, ते मानसशास्त्र घेणाऱ्या नवीन मुलांना मी आता हाच प्रश्न आधी विचारते. कारण सगळी गोम त्यातच आहे. लक्ष, आठवण, विचार यांतलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. हाती लागतात दोनच गोष्टी: माणसाला उत्तराला लागलेला वेळ आणि त्याने केलेल्या चुका. तेवढ्यावरून आत काय घडलं असेल ते काढायचं.

त्या चौकटीचंच घ्या. १९६० साली मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्पर्लिंगने लोकांना बारा अक्षरं दाखवली, तीन ओळींत चार-चार, सेकंदाचा विसावा भाग. लोकांना जेमतेम चार-पाच सांगता येत. पण “दिसली सगळी होती, सांगता सांगता गेली” असं ते म्हणत. आता यांचं खरं मानायचं की नाही? दिसलीच चार असतील, किंवा दिसली सगळी आणि पुसली गेली असतील. दोन्हींचा आकडा सारखाच येतो. स्पर्लिंगने अक्षरं नाहीशी झाल्यावर एक सूर वाजवला. उंच सूर म्हणजे वरची ओळ सांगा, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची. लोक त्या ओळीतली साधारण तीन अक्षरं सांगू लागले. कोणती ओळ विचारली जाणार हे आधी ठाऊक नव्हतं, म्हणजे तिन्ही ओळींतली मिळून नऊच्या आसपास अक्षरं त्या क्षणी शिल्लक असलीच पाहिजेत. सूर सेकंदभर उशिरा वाजवला की हा सगळा फायदा गळून जातो. झाली चौकट सिद्ध, आणि तिचं आयुष्यही मोजून झालं. हे मला परीक्षेआधी कुणी सांगितलं असतं तर!

तेव्हापासून कुठलाही प्रयोग वाचताना मी वहीत पान दुभागते आणि लिहिते, की हा प्रयोग कोणत्या दोन शक्यतांमधून निवड करतो. दुसरा रकाना रिकामा राहिला तर प्रयोग आपल्याला कळलेला नाही, पुन्हा वाचायचा.

इतिहासाचं प्रकरण एका बैठकीत उरका. वर्तनवादी म्हणत, मनाचं बोलू नका, उद्दीपक आणि प्रतिक्रिया एवढंच मोजा. मानसशास्त्रज्ञ टोलमनचे भूलभुलैयातले उंदीर १९४८ पर्यंत डोक्यात नकाशा असल्यासारखे वागून दाखवत होतेच. १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने वर्तनवादी स्किनरच्या भाषेवरच्या पुस्तकाची चिरफाड केली. १९६७ मध्ये नाइसरच्या पुस्तकाने या शाखेचं नाव रूढ केलं. मिलरचा १९५६ चा लेख मात्र स्वतः वाचा. एका वेळी किती गोष्टी डोक्यात धरता येतात, त्याचा ‘सात अधिक-उणे दोन’ हा आकडा जो तो तोंडावर फेकतो, पण लेखाचं खरं मोल आहे ते सुट्या गोष्टी एकत्र बांधायच्या गठ्ठ्यांच्या कल्पनेत. १९४७२०२४ ही तुम्हाला आठ अंकांची माळ वाटेल किंवा दोन सालं, आणि त्यावर ती लक्षात राहणं ठरतं. आकडा म्हणाल तर पुढे काउअनने २००१ मध्ये तो चारच्या आसपास खाली आणला.

वाचनाइतकंच हाताने करून पाहा. स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग घरी होतो. लाल, निळा, हिरवा, पिवळा हे शब्द चुकीच्या रंगांच्या स्केचपेनांनी लिहायचे आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. शेजारी नुसत्या रंगीत ठिपक्यांची यादी. दोन्हींचा वेळ मोबाइलवर मोजायचा. ‘निळा’ हे लाल शाईत आलं की जीभ अक्षरशः अडखळते. ज्याला देवनागरी वाचताच येत नाही, त्याला मात्र ही यादी काही त्रास देत नाही. वाचन किती आपसूक होतं ते इथे कळतं. मी दहा मैत्रिणींवर करून मोठ्या तोऱ्यात आकडे नेऊन दाखवले. सर म्हणाले, “ठिपके आधी कुणी केले?” सगळ्यांनीच. म्हणजे शब्दांच्या यादीला वेळ जास्त लागला तो दमल्यामुळे किंवा कंटाळ्यामुळे नाही, हे मी कशावरून म्हणत होते? निम्म्या जणींना उलट क्रम द्यायला हवा होता. सगळं पुन्हा केलं. फरक तेवढाच आला, ही गोष्ट वेगळी.

अभ्यासाच्या बाबतीत तरी या विषयाचं या विषयालाच लावा. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे असतात, पण आठवड्याने बाजी मारतात ते पुस्तक मिटून आठवून पाहणारे. मला रंगीत पेनाने ओळी रंगवायची फार हौस होती, ती सोडली.

‘बोधनिक’ नाव बघून समुपदेशन शिकायला मिळेल म्हणून येणारे पुष्कळ असतात. माणसाचे विचार बदलून त्याचा त्रास कमी करणारी बेकची उपचारपद्धती याच गोत्रातली, पण ती पुढच्या प्रशिक्षणात येते. इथे संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग जास्त वाट्याला येतं. प्रयोग बांधायला सायकोपाय हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यापासून सुरुवात करा. पुढे संशोधन, शिक्षण, मेंदूच्या आजारात क्षमतांची तपासणी, अ‍ॅप आणि यंत्रं माणसाला झेपतील अशी घडवण्याचं काम, अशा वाटा फुटतात. आणि प्रयोगशाळेतल्या बटणांवरून रोजच्या जगण्याचं किती कळतं, ही शंका आली तर बिचकू नका. १९७६ मध्ये खुद्द नाइसरनेच ती काढली होती.

प्रयोगशाळेत उमेदवारी मिळालीच तर पहिले काही महिने सूचना वाचून दाखवणं आणि आकडे साफ करणं यातच जातील. कोणत्या नोंदी वगळायच्या, ते निकाल बघण्याआधी लिहून ठेवा. नंतर ठरवलं की हात आपोआप सोयीच्या बाजूला वळतो. माझ्या पहिल्या फाइलमध्ये, स्ट्रूपसारख्याच प्रयोगात, एका मुलाची ओळीने तीस उत्तरं दीडशे मिलिसेकंदांच्या आतली होती. एवढ्यात शाईचा रंग ओळखून बटण दाबणं शक्यच नाही. तो नुसता बटण बडवत बसला होता.