सेवा-सहलीची तारीख आधी पाड्याला विचारा

बस, जेवण, पालकांची संमतीपत्रं, औषधांची पेटी हे सगळं धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या पॅरिशच्या, युवा संघात दोन वर्षं काढलेल्या कुणालाही जमतं. मला फक्त तारखेबद्दल सांगायचंय. मी चुकले ते तिथेच, आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

आमची पहिली सेवा-सहल जव्हारची. वसईहून मनोर, विक्रमगडमार्गे जायचं, दोन दिवस एका पाड्यावर वनराई बंधारा घालायचा आणि तिसऱ्या दिवशी जयविलास राजवाडा, शिरपामाळ, दाभोसा धबधबा बघून परत यायचं. नाताळच्या सुट्टीतली २७ डिसेंबर ही तारीख धरली. कॉलेजं बंद होती, बस मिळाली, फादर हो म्हणाले. पाड्यावर आम्ही कळवलं. विचारलं नाही.

पोचलो तर बहुतेक घरं बंद. कुडाच्या घरांच्या दारांना काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या. एका अंगणात एक आजी सुपात नागली पाखडत होती, शेजारी दोन लहान पोरं. माणसं कुठे गेली विचारलं, तर सूप न थांबवता म्हणाली, "जगाय गेली."

मला आधी अर्थच लागला नाही. जव्हार-मोखाड्यात भाताची कामं उरकली, दिवाळी सरली की कितीतरी कुटुंबं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. त्याला तिकडे 'जगायला जाणं' म्हणतात. आजीचा मुलगा आणि सून वसई पूर्वेच्या भट्टीवर होते, माझ्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर. आणि आम्ही चोवीस जण त्यांच्या दारात उभे होतो.

नाल्यातही नुसती डबकी उरली होती. वनराई बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-रेती भरून वाहती धार अडवायची. पाऊस संपल्यावर धार जिवंत आहे तोवरच त्याचा उपयोग. म्हणजे पाणी वाहतंय, शेतातलं घाईचं काम हातावेगळं झालंय आणि माणसं अजून घरी आहेत, असे मोजके दिवसच मिळतात. ते दरवर्षी पावसाप्रमाणे आणि भाताप्रमाणे मागेपुढे होतात. हळवं भात आधी निघतं, गरवं मागून. तुमच्या कॅलेंडरवर ते दिवस कुठेच लिहिलेले नसतात. म्हणून सांगते, सुट्ट्या बघून तारीख ठरवू नका. बस ठरवायच्या आधी पाड्यावर जाऊन विचारा. फोनवर माणसं भिडेखातर "या" म्हणतात. समोर बसलात, चहा घेतलात, की खरं बोलतात.

कुणाला विचारायचं? पदाधिकाऱ्यांना नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथल्या वसतिगृहात वर्षानुवर्षं राहिलेल्या सिस्टरना विचारा. कोणाची उचल झाली, कोण कधी निघणार, त्यांना सगळं ठाऊक असतं. सेवेच्या तासांचं प्रमाणपत्र हवं म्हणून येणाऱ्यांना मी आता घेत नाही. त्यांचं लक्ष घड्याळावर असतं.

एवढं ऐकून बेत सोडून देऊ नका. पुढच्या वर्षी आम्ही पाड्याने दिलेल्या तारखेला गेलो, पाड्यावरची वीसेक माणसं बरोबर उतरली आणि दीड दिवसात बंधारा उभा राहिला. मी गोण्या ठासून भरत होते. आजीच्या मुलाने माझी गोणी उघडून पाव हिस्सा माती खाली ओतली, सुतळीने तोंड शिवलं आणि पायाने दाबून ती सपाट बसवली. ठासलेली गोणी गोल राहते, दोन गोण्यांमध्ये फट पडते आणि पाणी तिथून निसटतं. वरची गोणी खालच्या दोघींच्या सांध्यावर यायला हवी, विटांसारखी. हे त्याला भट्टीवर जन्म काढून येत होतं.

फिरण्याची लाज मात्र अजिबात बाळगू नका. पोरांनी राजवाडा बघावा, मुकणे राजांचं संस्थान समजून घ्यावं. १६६४ साली सुरतेला जाताना शिवाजी महाराज जिथे थांबले असं सांगतात, त्या शिरपामाळावर वारा खावा. फक्त फिरणं शेवटच्या दिवशीच ठेवा. आम्ही पहिल्या वर्षी दुपारी काम अर्धं टाकून सूर्यास्त बघायला गेलो होतो, ते फार वाईट दिसलं. दाभोशाला कड्याच्या टोकाशी कुणाला जाऊ देऊ नका, खडक निसरडा असतो. वारली चित्र घ्यायचं तर चितारणाऱ्याकडूनच घ्या आणि सांगेल ती किंमत द्या. आणि पाड्यावरच्या पोरांचे फोटो त्यांच्या आईला विचारल्याशिवाय काढू नका.

या वर्षी मी ऑगस्टमध्येच जाऊन आले. भात उशिरा लागलंय, दसऱ्यानंतर आठ दिवसांनी या, असं ठरलंय. आमच्यातल्या पाच जणांची परीक्षा नेमकी तेव्हाच आहे. ते येणार नाहीत, तारीख तीच राहील.