भुवई न हलवता

घरीच शिकलेल्या मुलाला गणित-विज्ञानात वयाच्या बरोबरीला आणायचं काम तुम्ही नव्याने घेत असाल, तर पहिल्या भेटीत गप्पा मारून त्याची पातळी ठरवू नका. मी ठरवली होती. तीन महिने पाण्यात गेले, आणि ते माझ्यापेक्षा त्याचे जास्त गेले.

मुलगा चौदाचा, शाळेत कधीच न गेलेला. दोन वर्षांनी बाहेरून परीक्षेला बसायचं होतं. पहिल्याच दिवशी तो कृष्णविवरांवर अर्धा तास बोलला. प्रकाशाचा वेग त्याला शेवटच्या अंकापर्यंत पाठ होता, सेकंदाला 299792458 मीटर. बोलणं नेमकं, वाक्यं पूर्ण, मध्येच मला प्रतिप्रश्नसुद्धा. मी मनात म्हटलं, याला खालचं काय शिकवायचं, आणि थेट वर्गसमीकरणांना हात घातला. आई शेजारी बसलेली असायची. उत्तरं बरोबर यायची. तो खूश, आई खूश, मीही खूश.

एकदा आईला बाहेर जावं लागलं. मी सहज कागदावर लिहिलं, क्ष/3 + क्ष/4 = 7. त्याने सुबक अक्षरात खाली लिहिलं, 2क्ष/7 = 7. मग 2क्ष = 49. मग क्ष = 24.5, आणि उत्तराखाली दोन रेघा. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. एवढं झाल्यावर त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. माझी भुवई नक्कीच हलली असणार, कारण तो लगेच म्हणाला, ‘‘लसावि घ्यायचा होता का, ताई?’’ पुढच्या मिनिटाला कागदावर 12 हे बरोबर उत्तर होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याला अपूर्णांक येत नाहीत याचं एवढं नाही, ते दुरुस्त होतं. पण तीन महिने मला ते दिसलं कसं नाही?

हा सापळा नीट समजून घ्या, कारण तुम्हीही यात पडणार. आई काही मुद्दाम सांगत नव्हती. पेन्सिल चुकीच्या दिशेला वळली की ती नुसतं ‘‘अं?’’ करायची, कधी श्वास रोखायची, कधी खुर्ची सरकवायची. भरलेल्या वर्गात एकेका मुलाकडे इतकं लक्ष द्यायला कुणाला वेळ नसतो, त्यामुळे तिथली चूक वहीत उतरते आणि कधी ना कधी लाल शाईत सापडते. घरी मात्र चूक कागदावर पडायच्या आत झेलली जाते. प्रेमापोटीच झेलली जाते, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. अशी आठ वर्षं गेली की मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नाही, माणसाचा चेहरा वाचता येतो. आणि तो लबाडी करत नसतो हो. आपल्याला गणित येतं असंच त्याला प्रामाणिकपणे वाटत असतं. आई उठून गेली तर तिच्या जागी मी बसले होते, इतकाच फरक.

म्हणून आता माझी पहिली भेट अशी असते. आईवडील दुसऱ्या खोलीत. मुलासमोर एक कागद, शाईचं पेन, खोडरबर नाही. मी त्याच्याकडे पाठ करून वीस मिनिटं बसते. ‘‘समजलं का?’’ हा प्रश्न मी कायमचा सोडला आहे. त्याचं उत्तर जगात कुठेही ‘‘हो’’ असंच येतं.

कागदावर अवघड काही नसतं. 0.35 मोठे की 0.4? (35 मोठे म्हणून 0.35, असं लिहिणारी भरपूर भेटतात.) पाऊण भागिले अर्धा किती, आणि उत्तर पाऊणपेक्षा मोठं का आलं ते चित्र काढून दाखव. उणे 3 चा वर्ग आणि 3 च्या वर्गाचा उणे, यांत फरक काय? एका चौरस मीटरमध्ये चौरस सेंटिमीटर किती? इथे 100 लिहिलेलं दिसलं की समजायचं, 10000 पर्यंतचा रस्ता आपल्याला कागदावर चौकटी आखूनच चालायचा आहे. शेवटी एक शाब्दिक गणित, त्रैराशिकाचं. उत्तरांपेक्षा पायऱ्या बघा. पायऱ्याच नसतील तर तेही एक उत्तरच आहे.

मला सुरुवातीला एका अनुभवी शिक्षकांनी सल्ला दिला होता की वयाच्या इयत्तेपासून सुरू कर, खालची भोकं आपोआप बुजतात. बुजत नाहीत. छेद कच्चा असलेलं मूल बीजगणितातल्या प्रत्येक ओळीत तिथेच ठेचकाळतं आणि शेवटी ‘माझं डोकंच गणिताचं नाही’ असं ठरवून मोकळं होतं. पंधरा दिवसांत वेगवान गणित शिकवणाऱ्या युक्त्यांबद्दल तर मी बोलूच नये. दोन आकडी गुणाकार चुटकीसरशी करणारा, पण तो कुठे करायचा हे न कळणारा मुलगा मी पाहिला आहे.

आता थोडा धीरही देते, कारण असे कागद पाहून नव्या शिक्षकाचं आणि पालकांचं एकदमच अवसान गळतं. मूल मागे असतं ते काही ठरावीक ठिकाणी, सगळीकडे नाही. आणि सातव्या वर्षी जे शिकायला वर्ष लागतं, ते चौदाव्या वर्षी काही आठवड्यांत होतं, कारण आता भाषा असते, चिकाटी असते, आणि घरी शिकलेल्या मुलांना एकट्याने तासभर बसायची सवय असते. माझ्या या विद्यार्थ्याचे अपूर्णांक सहा आठवड्यांत पक्के झाले. रोज चाळीस मिनिटं, शनिवार-रविवार सुट्टी.

फक्त त्याच्या हातात पाचवीचं पुस्तक देऊ नका. मी एकदा दिलं होतं. त्याने मुखपृष्ठ बघितलं, पुस्तक पालथं ठेवलं आणि त्या दिवशी एक अक्षर लिहिलं नाही. आता मी गणितं कोऱ्या कागदावर हाताने उतरवून देते. कागदाला इयत्ता नसते.

पालक थोर माणसांची उदाहरणं देतात. मायकेल फॅरडे कुठे फारसा शाळेत गेला होता? खरं आहे, लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत शिकला. पण त्याचं गणित कच्चं राहिलं, आणि वीज-चुंबकत्वाबद्दलच्या त्याच्या कल्पनांना समीकरणांत बांधायला जेम्स क्लार्क मॅक्सवेल यावा लागला. गंमत म्हणजे हा मॅक्सवेलसुद्धा दहा वर्षांचा होईपर्यंत घरीच शिकला. आधी आईजवळ, ती गेल्यावर वडिलांनी नेमलेल्या एका तरुण शिक्षकाकडे. तो शिक्षक कडक होता आणि मुलगा मंद आहे असं त्याचं मत होतं. 1841 मध्ये त्याला काढून टाकलं आणि मॅक्सवेल एडिनबर्गच्या शाळेत गेला. मी हे पालकांना सांगत नाही. पाठ करून बसले असताना स्वतःलाच सांगते.

विज्ञानातला सापळा तोच, कपडे वेगळे. या मुलांनी पाहिलेलं खूप असतं, मोजलेलं काहीच नसतं. घनतेची व्याख्या तोंडावर, पण वस्तुमान हातात दिलं तर आकारमान कसं काढायचं हे सुचत नाही. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर, हे गुणोत्तर पक्कं झाल्याशिवाय भौतिकशास्त्राचं पान उलटू नका. रासायनिक समीकरणं मी सगळ्यात शेवटी घेते, ती मोजणी जमल्यावर पटकन बसतात.

सुरुवातीला माझा भर लंबकावर. दोरी, काहीतरी जड, मोजपट्टी आणि घड्याळ एवढंच लागतं, आणि त्यात वर्गमूळ, गुणोत्तर, आलेख सगळं येतं. एकच झोका मोजू देऊ नका, वीस झोके मोजून भागायला लावा, म्हणजे बोट उशिरा दाबल्याची चूक वीस ठिकाणी वाटली जाते.

त्याच मुलाला मी म्हटलं, दोरी 25 सेंटिमीटर घे, मग 100. लांबी चौपट झाली तर वेळ दुप्पट व्हायला हवा. त्याने दोरीला मोठं कुलूप बांधलं. वीस झोक्यांना आधी 21.6 सेकंद लागले, मग 40.9. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मागून आवाज आला, ‘‘43.2 यायला हवे होते.’’ मी गप्प. त्याने पुन्हा मोजलं, तेच आलं. मला भयंकर सांगावंसं वाटत होतं, जीभ चावून बसले. बऱ्याच वेळाने मोजपट्टी सरकल्याचा आवाज झाला, मग पेन चालल्याचा.

तासाअखेर वही बघितली. त्याने 25 आणि 100 खोडून 29 आणि 104 लिहिलं होतं. शेजारी कुलपाचं चित्र, गाठीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत बाण, बाणावर ‘4 सेंमी’. त्याखाली 104 भागिले 29, त्याचं वर्गमूळ 1.89. त्याखाली 40.9 भागिले 21.6, तेही 1.89.

‘‘गाठीपर्यंत मोजायचं असं तू आधी का सांगितलंस?’’ तो जरा रागावूनच म्हणाला.

मी असं काही सांगितलं नव्हतं. कुठपर्यंत मोजायचं, हे मी बोललेच नव्हते.