रविवारची मॅच आणि रविवारचं चर्च, दोन्ही कसं जमवायचं

पोरगं कबड्डीत चमकायला लागलं की पहिला पेच रविवारचाच येतो, कारण जळगाव-भुसावळकडं काय नि नवापूरकडं काय, लोकल टुर्नामेंट सुट्टीच्याच दिवशी ठेवतात. म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधीच सरांना जाऊन भेटा, स्पष्ट सांगा की सर, रविवारी सकाळी आमची उपासना असते, दुपारनंतरची मॅच चालेल का? बरेच सर ऐकतात, फक्त आदल्या रात्री फोन करू नका.

तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग अशी शालेय स्पर्धा पुढं सरकते, तिथं तारीख आपल्या हातात नसते. कॅथलिक असाल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) रविवारचीच धरली जाते. बाकीच्या पंथांच्या लोकांनी आपल्या पाळकांशी (पास्टरांशी) बोलावं, संडे स्कूल बुडालं तर तो पाठ घरी घ्यावा.

उपासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, आया फार घाबरतात. कॅथलिक नियमात उपवास वयाची 18 पूर्ण झाल्यावरच लागतो आणि मांस वर्ज्य 14 पूर्ण झाल्यावर, त्यामुळे आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात प्रॅक्टिस करणाऱ्या लेकराला उपाशी ठेवू नका, पाणी तर अजिबात तोडू नका.

एरिक लिडेल या श्रद्धाळू ख्रिस्ती धावपटूनं 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकात रविवारच्या हीटमुळं (प्राथमिक फेरीमुळं) 100 मीटर सोडली नि 400 मध्ये गोल्ड मारलं, हे पोरांना जरूर सांगा, पण धाक म्हणून नको. कुठली मॅच सोडायची हे ठरवताना पोरालाही विचारा, तेरा-चौदाचं झालं की त्याला कळतं सगळं.