पोकेमॉन गो: रेडची टीम लावताना या चुका टाळा

रेड म्हणजे या मोबाइल गेममध्ये सगळ्यांनी मिळून एका तगड्या पोकेमॉनशी, म्हणजे बॉसशी, केलेली लढाई. ती हरली की पोरांची तक्रार ठरलेली: "भो, सगळे तीन हजाराच्या वरचे लावले होते ना!" तिथंच घोडं पेंड खातं. तो आकडा सीपीचा, म्हणजे पोकेमॉनच्या एकूण ताकदीचा: हल्ला, बचाव आणि दम यांची खिचडी. समोरच्या बॉसला किती लागणार, ते त्यातून कळत नाही. पाच स्टारच्या बॉसचं एचपी, म्हणजे जीव, 15,000 आणि घड्याळ 300 सेकंदांचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून सेकंदाला सरासरी 50 डॅमेज काढलाच पाहिजे. ब्लिसी ही दणकट पोकेमॉन मरता मरत नाही हे खरं, पण मारतही नाही. तिच्या भरवशावर वेळ संपते आणि बॉस तसाच उभा. गेमने सुचवलेली टीम डोळे झाकून घेणाऱ्यांचं अनेकदा हेच होतं. ती टीम फार तर कच्चा मसुदा समजा.

दुसरी चूक जास्त महागात पडते: पोकेमॉनचा प्रकार (आईस, वॉटर, ग्रास वगैरे) पाहायचा आणि त्याचा हल्ला कोणत्या प्रकारचा आहे ते पाहायचंच नाही. रेक्वाझा हा बॉस ड्रॅगन आणि फ्लाइंग, दोन्हींना आईस जड, म्हणून आईसचा हल्ला त्याला 2.56 पट लागतो. मॅमोस्वाइन आईस आहे एवढं ऐकून लोक सहा मॅमोस्वाइन उभे करतात. पण मॅमोस्वाइन आईस आणि ग्राउंड असा दुहेरी असतो. त्याच्याकडे पावडर स्नोऐवजी मड स्लॅप असेल, तर तो ग्राउंडचा हल्ला झाला, आणि फ्लाइंगवर ग्राउंड फक्त 0.39 पट लागतो. पोकेमॉन तोच, सीपी तोच, आणि फरक साडेसहा पटींचा. म्हणून लॉबीत शिरण्याआधी प्रत्येकाचं पान उघडून दोन्ही हल्ले वाचावेत. हवेत आईसचे: पावडर स्नो आणि अ‍ॅव्हलांच. नसतील तर टीएम, म्हणजे हल्ला बदलणारी वस्तू, वापरा. टीएम जपून ठेवून काय लोणचं घालायचंय?

आता ग्राऊडन, ग्राउंड प्रकारचा बॉस. खानदेशात त्याच्याइतकी फजिती दुसरा कुणी करत नसेल. मे महिना, दुपारचा एक, मेहरूण तलावाकाठी चार जण रुमाल बांधून उभे. ग्राउंडवर पाणी चालतं हे पाठ, म्हणून प्रत्येकाचे सहा-सहा स्वॅम्पर्ट, सगळ्यांकडे हायड्रो कॅनन हा वॉटरचा हल्ला. पहिलं मिनिट झकास जातं. मग ग्राऊडन सोलर बीम हा ग्रासचा हल्ला सोडतो आणि समोरचा स्वॅम्पर्ट भरल्या एचपीवरून थेट शून्यावर. पुढच्या बीमला पुढचा. "काय व्हयनं रे?"

व्हायचं तेच झालं. स्वॅम्पर्ट वॉटर आणि ग्राउंड, दोघांनाही ग्रासचं वावडं, म्हणून मार 1.6 गुणिले 1.6 पट. वर आपलं ऊन! गेममध्ये 'सनी' असलं की फायर, ग्रास आणि ग्राउंडच्या हल्ल्यांना 1.2 पट जोर चढतो, आणि ड्रॅगन टेल सोडला तर ग्राऊडनचे हल्ले या तिघांतच बसतात. अशा वेळी एकट्या वॉटरचा किओग्रेही सोलर बीमखाली टिकत नाही.

यावर सवय एकच ठेवावी. पहिली फेरी चाचपणीची. बॉसचा पहिला मोठा हल्ला पडद्यावर नावासकट दिसतो, तो वाचायचा. सोलर बीम निघाला तर बाहेर पडून सेप्टाइल आणा: निव्वळ ग्रास असल्यामुळे ग्रास आणि ग्राउंड दोन्ही त्याला कमी लागतात, आणि त्याच उन्हात त्याच्या फ्रेन्झी प्लांटलाही 1.2 पट जोर मिळतो. फायर ब्लास्ट किंवा फायर पंच निघाला तर मात्र ग्रासवाल्यांची होळी होईल, तिथं पाणीच बरं. रेड संपेपर्यंत त्याच प्रवेश पासवर पुन्हा शिरता येतं, तरी लोक पहिल्याच फेरीत जिंकायच्या घाईनं घाम गाळतात. आषाढात पाऊस लागला की गणित उलटतं: वॉटरला जोर, ग्राऊडनला काही नाही.

आईसला जोर चढतो तो बर्फ पडताना. जळगाव-धुळ्यात त्याची वाट पाहू नका.

बाकी किरकोळ. चौघांनी एकाच प्रकारचे मेगा, म्हणजे तात्पुरतं बळ वाढवलेले पोकेमॉन, आणले तर बोनस चौपट होत नाही. तो एकदाच मिळतो, त्याच प्रकारच्या हल्ल्यांना 30 टक्के. शॅडो पोकेमॉनवर (टीम गो रॉकेटकडून सोडवलेल्या) फ्रस्ट्रेशन हा कमकुवत हल्ला तसाच असेल तर त्याला बाकावर बसवा. टीम आडवी झाल्यावर रिव्हाइव्ह देत बसू नका, दुसरी पार्टी आधीच साठवलेली हवी.

आणि स्टारडस्ट, पोकेमॉनची लेव्हल वाढवायला लागणारी भुकटी. लेव्हल 20 ते 30 ला 75,000 लागतं, 30 ते 40 ला दीड लाख, आणि त्या दीड लाखात हल्ला वाढतो जेमतेम 8 टक्के. तेवढ्यात लेव्हल 30 चे आणखी दोन मॅमोस्वाइन तयार होतात. नव्या पोरांना मात्र एकच चकचकीत 40 चा हवा असतो, आणि मागचे पाच कसलेही चालतात.