डिस्टिलेशन कॉलम: कोणता व्हॉल्व्ह कशासाठी?

डिस्टिलेशन कॉलम म्हणजे उकळबिंदूंतल्या फरकावर मिश्रण वेगळे करणारा मनोरा. साध्या कॉलमवर पाच व्हॉल्व्ह हाताशी असतात: रिफ्लक्स (वरची वाफ थंड करून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव), वरचे उत्पादन, रीबॉयलरची (तळाचा द्रव उकळवणाऱ्या भागाची) स्टीम, तळचे उत्पादन आणि कंडेन्सरचे (वाफ थंड करणाऱ्या भागाचे) पाणी. सांभाळायच्या गोष्टीही पाचच: दाब, रिफ्लक्स ड्रमची (थंड झालेला द्रव साठवणाऱ्या टाकीची) आणि तळाची लेव्हल, दोन टोकांची शुद्धता.

दाब आणि लेव्हल आधी बांधून घ्या, कारण लेव्हल आपोआप स्थिरावत नाही. ड्रमची लेव्हल मोठ्या प्रवाहाकडे द्या. रिफ्लक्स उत्पादनाच्या पाचपट असताना उत्पादनाच्या व्हॉल्व्हने लेव्हल राखायला गेलात, तर तो सारखा पूर्ण उघडतो नाहीतर पूर्ण बंद होतो.

शुद्धतेसाठी अ‍ॅनालायझर उशिरा बोलतो, म्हणून बहुतेक ठिकाणी ट्रेचे (कॉलममधल्या आडव्या थाळीचे) तापमान धरतात. शेजारच्या ट्रेपेक्षा तापमानात सर्वांत जास्त फरक असलेला ट्रे निवडा. अगदी टोकाचा ट्रे नको: तिथे शुद्धता बिघडली तरी तापमान जेमतेम हलते आणि तो बदल दाबाच्या चढउतारात बुडतो.

आता स्टेप टेस्ट, म्हणजे व्हॉल्व्ह थोडा हलवून परिणाम मोजणे. इथून पुढे ड्रमची लेव्हल उत्पादनाच्या व्हॉल्व्हवर आणि रिफ्लक्स शुद्धतेसाठी मोकळा, असा कॉलम धरू. शुद्धतेचे दोन्ही लूप (मोजमाप पाहून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कंट्रोलरच्या साखळ्या) मॅन्युअलवर, बाकीचे ऑटोवर. रिफ्लक्स २-३ टक्के वाढवा, दोन्ही टोके स्थिर होईपर्यंत थांबा, मग तेवढाच कमी करून पाहा. स्टीमचेही तसेच. घाई केलीत तर गेन (व्हॉल्व्हच्या बदलाच्या प्रमाणात शुद्धता किती बदलली तो आकडा) कमी भरतो आणि पुढचे सगळे गणित फसते.

वुड आणि बेरी यांचा १९७३ चा मिथेनॉल-पाणी कॉलम घ्या. रिफ्लक्सचा गेन वर १२.८, तळाला ६.६, स्टीमचा वर −१८.९, तळाला −१९.४. रिलेटिव्ह गेन म्हणजे दुसरा लूप मॅन्युअलवर असतानाचा गेन भागिले तो ऑटोवर असतानाचा गेन. ब्रिस्टॉलचे त्याचे सूत्र:

१ ÷ [१ − (−१८.९ × ६.६) ÷ (१२.८ × −१९.४)] = २.०१

एकके आपसांत कटतात, त्यामुळे ट्रान्समीटरच्या रेंजची चिंता नको. रिफ्लक्स वरच्या टोकाला, स्टीम तळाला. उलट जोडी लावली तर आकडा −१.०१ येतो, ती जोडी सोडाच. दुसरा लूप ऑटोवर असताना कंट्रोलरची दिशा बरोबर असली, तरी तो दुसरा लूप मॅन्युअलवर गेला किंवा त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की गेनचे चिन्ह फिरते आणि चूक सुधारण्याऐवजी वाढत जाते.

२.०१ म्हणजे दुसरा लूप ऑटोवर गेल्यावर गेन निम्मा, सुमारे ६.४. लूप ढिला वाटतो म्हणून कंट्रोलरचा गेन वाढवलात, तर शेजारचा मॅन्युअलवर जाताच हंटिंग (सतत वर-खाली हेलकावे) सुरू होते. तेव्हा ट्यूनिंग दोन्ही स्थितींत तपासा. आकडा १० च्या वर गेला, तर एकच टोक घट्ट धरा. तिथे डीकपलरही (एका लूपचा दुसऱ्यावरचा परिणाम पुसणारी जोडणी) लावू नका. गेनमधली छोटी चूकसुद्धा तो कित्येक पट फुगवतो.