रिफोल्डिंगची बॅच वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

इ. कोलाय जिवाणूच्या इन्क्लुजन बॉडीजमधून, म्हणजे पेशीत साठलेल्या चुकीच्या घडीच्या प्रथिनाच्या गोळ्यांमधून, कामाचं प्रथिन मिळवायचं म्हटलं की सगळे रिफोल्डिंगच्या, म्हणजे प्रथिनाची घडी पुन्हा नीट घालण्याच्या, बफरच्या रेसिपीमागे लागतात. बॅच बहुतेक वेळा त्याच्या आधीच बिघडलेली असते.

सगळ्यांत जास्त चीड आणणारी चूक म्हणजे हे गोळे विरघळवायला लागणारा युरिया तापवणं. विरघळताना युरिया उष्णता शोषतो, बीकर गार पडतो आणि ८ मोलरला दाणे तळाशी रेंगाळतात. मग नवखा माणूस हॉटप्लेट चालू करतो. युरियातून सायनेट बनतं, उष्णतेने ते भराभर बनतं आणि प्रथिनाच्या लायसिनला व अमिनो टोकाला चिकटतं. एका ठिकाणी जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं औषधी प्रथिन) च्या बॅचमध्ये क्रोमॅटोग्राफीच्या आलेखातल्या मुख्य शिखराला (पीकला) खांदा येत होता. टीमने कॉलम बदलला, ग्रेडियंट बदलला, डायसल्फाइड बंध जुळवायला मदत करणाऱ्या ग्लुटाथायोनचं प्रमाण बदललं. शेवटी मास स्पेक्ट्रोमेट्री केली, तर वजन ४३ डाल्टनने जास्त, म्हणजे कार्बामिलेशन, सायनेट चिकटलेलं! युरिया शुक्रवारी तापवून विरघळवला होता आणि सोमवारी वापरला होता. ही इजा कुठल्याच बफरने भरून निघत नाही. तो माल फेकावाच लागतो. मी युरिया त्याच दिवशी, न तापवता, नुसता ढवळत विरघळवते, आयन शोषून घेणाऱ्या मिक्स्ड-बेड रेझिनवरून काढते आणि बफर ट्रिसचाच घेते, कारण ट्रिसचा अमिनो गट थोडं सायनेट स्वतःवर घेतो. वेळ जातो, जाऊ दे.

दुसरी चूक, विरघळलेलं प्रथिन बफरमध्ये एकदम ओतणं. घडी प्रत्येक रेणू आपापली घालतो, पण गुठळी व्हायला रेणू एकमेकांना भिडावे लागतात. म्हणून प्रथिन दाट झालं की गुठळीच जिंकते. टाकी लहान पडते म्हणून प्रमाण वाढवणाऱ्यांशी माझं कायम भांडण होतं. नवीन प्रथिन असेल तर मी मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपासच सुरुवात करते आणि पंपाने हप्त्याहप्त्याने, ढवळणीच्या पात्याजवळ सोडते. बफर दुधाळ दिसला की पंप लगेच बंद.

पेलेट, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेल्या इन्क्लुजन बॉडीज, धुताना कंजुषी नको. आधी ट्रायटन हे डिटर्जंट, मग २ मोलर युरिया, शेवटी साधा बफर. नीट धुतलं नाही तर पेलेटमध्ये जिवाणूचा ओम्पटी हा प्रोटिएज (प्रथिन कापणारा एन्झाइम) राहतो आणि तो युरियातही प्रथिन कापतो.

विरघळवताना घातलेलं, बंध तोडणारं डीटीटी रिफोल्डिंगमध्ये वाहून नेलं तर सिस्टीनच्या जोड्यांमधले डायसल्फाइड बंध जुळतच नाहीत. जी-सीएसएफमध्ये असे दोन बंध आहेत, शिवाय एक सिस्टीन मोकळं.

आणि द्रावण स्वच्छ दिसलं म्हणून पुढे पाठवू नका. विरघळलेल्या गुठळ्या डोळ्यांना दिसत नाहीत, रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या साइज-एक्सक्लुजन कॉलमवर दिसतात.